वाक्यात उपयोग करा

बोईसरला राजनंदिनीबाईंच्या इंग्रजी बोलण्याच्या क्लासात जितेश चपला न काढताच शिरला. "मॅडम, मंडळाची वर्गणी? नाय दिली तर उद्या क्लासला टाळं ठोकू आमी."

बाईंनी पर्स उघडली नाही, खडू उचलला. फळ्यावर ठळक लिहिलं, 'एक्स्टॉर्शन'. "म्हणजे धाक दाखवून पैसे उकळणं. चला, वाक्यात उपयोग करा!"

मग कंपनीत वेल्डिंग करणारे खंडेराव अडखळत उठले. "धिस मॅन... डूइंग एक्स्टॉर्शन... माय ब्रदरची पानटपरी."

"अवर केळवे हॉटेल ऑल्सो!" मागून कुणी म्हणालं. हात भराभर वर व्हायला लागले.

जितेश खो खो हसला. "शिका, शिका! इंग्लिश झाडून माझं काय वाकडं करणार तुमी?"

शेवटच्या बाकावर सफाळ्याची मोनाली होती. रोज ड्युटीवरून धापा टाकत यायची, पण इंग्रजीत एक वाक्य कधी पुरं केलं नव्हतं. विचारलं की नुसती लाजायची.

"मोनाली, आता तुझा नंबर," बाई म्हणाल्या. "घाबरायचं नाही."

मोनाली उठली. दार अडवून उभी राहिली. पिशवीतून खाकी टोपी काढून तिनं डोक्यावर नीट बसवली आणि एका दमात म्हणाली, "मिस्टर जितेश, आय ॲम अरेस्टिंग यू फॉर एक्स्टॉर्शन."

जितेशचे हात आपोआप पायातल्या चपला काढायला खाली गेले.

बाईंनी खडू खाली ठेवला आणि जोरात टाळी वाजवली. "शाब्बास, मोनाली! एकही चूक नाही."