करड्या घोडीची थाप

"पाव तासानं रक्त घेऊ. तोवर शांत पडून राहा, आपा," असं सायराकानला बजावून डॉक्टर दामिरा वॉर्डाबाहेर आल्या. नारीन गावच्या त्या इस्पितळात वॉर्डाच्या दारापाशी सायराकानची सून बुरुल उभी होती.

"नव्या इंजेक्शनांनी सांध्यांची सूज उतरली," त्या म्हणाल्या, "पण आपांनी वर्षानुवर्षं स्टेरॉइडच्या गोळ्या घेतल्यात; त्यातली एक अजून चालू आहे. संकटात शरीर ज्या हार्मोनच्या जोरावर तग धरतं, ते त्यांचं स्वतःचं तयार होतंय का, ते आज कळेल. होत नसेल, तर यंदाही सोन-कोल तळ्याकाठच्या उन्हाळी कुरणावर घोड्यांचं दूध काढायला जायचं नाही. तिथं साधा ताप आला तरी जिवावर बेतेल."

"ते वाढतं कशानं?"

"धडधाकट माणसात? भीतीनं, रागानं. सुजेनं पेटलेल्या अंगात मात्र ढिम्म राहतं."

डॉक्टर गेल्या. बुरुल खाटेपाशी आली. लग्न झाल्यापासून तिनं सासूपुढं मान वर केली नव्हती. आज केली.

"आपा, तुमची करडी घोडी मी विकून टाकली."

सायराकान ताडकन उठून बसली. "कुणाला विचारून?"

"विचारायचं काय त्यात? तुम्ही यंदाही घरातच. ती काय स्वतःची धार स्वतः काढणार?"

सासूनं तिच्या माहेरच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. नर्सनं सुई टोचली तरी तिच्या तोंडाचा पट्टा थांबेना.

दुपारी डॉक्टर हसतच आल्या. "छान वाढलंय. उरलेली गोळीही आता बंद."

बुरुलचा चेहरा उतरला. "नका बंद करू. घोडी घरीच आहे. मीच आपांना मुद्दाम चिडवलं. तो आकडा खोटा आहे."

डॉक्टरांनी जुना रिपोर्ट तिच्यापुढं धरला. "अगं, इंजेक्शनं सुरू व्हायच्या आधी ह्यांचा पाय मोडला होता, तेव्हाही तो आकडा जागचा हलला नव्हता. आज नुसत्या रागानं चढला. म्हणजे तापातही चढेल. याहून चांगली तपासणी मलाही जमली नसती. धन्य आहेस, बाई."

सायराकाननं सुनेला खूण करून जवळ बोलावलं. बुरुल वाकली, तसा तिनं तिचा कान धरला आणि कचकचून पिळला. ज्या बोटांना कित्येक वर्षं चहाची वाटीसुद्धा धरवत नव्हती, तीच ही बोटं होती. बुरुलला रडू आवरेना.

"दुखतंय, आपा," ती म्हणाली, आणि कान तसाच त्या हातात राहू दिला.