दुरुस्तीला टाकलेले बूट

शिवणवाल्या बाईने दार उघडलं, तर समोर तिचा नवरा उभा. बोटीवर गेला तो गेलाच, बोट बुडाली, असं ज्याच्याबद्दल सगळे म्हणत होते, तोच.

"दारात काय उभे राहिलात? आत या," ती म्हणाली.

नवऱ्याच्या मुखवट्याआडच्या नकल्याची पंचाईत झाली. बाई किंचाळेल, धावत येईल, मग आपण डोळा मिचकावू, असा त्याचा बेत होता. मुखवट्यांच्या सणाचा नियम साधा. जो फसला त्याने खिडकीतून तसं ओरडून सांगायचं आणि राग धरायचा नाही. दोस्तमंडळी भिंतीआड तोंड दाबून त्याच आरोळीची वाट बघत होती. एरवी नकल्या जोडे शिवायचा, पण सणाला लोकांना बनवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

यंदा तर त्याने कहर केला होता. मुखवटेवाली म्हातारी मुखवटे कशाचे करते, हे गिऱ्हाईकाखेरीज कोणाला ठाऊक नसे. त्या त्या माणसाने वापरलेलं कातडं नाहीतर कापड तिला लागे. ते भिजवून, ताणून ती असा मुखवटा करी, की दिवे लागेपर्यंत घालणाऱ्याला चेहरा त्या माणसाचा आणि आवाजही त्याचाच. या बाईच्या नवऱ्याने जाण्याआधी टाचा बदलायला टाकलेले बूट नकल्याच्या दुकानात धूळ खात पडले होते. आता ते कोण मागायला येतंय, असं म्हणून त्याने ते उचलले होते.

उंबऱ्यापाशी तिची चप्पल होती, पट्टा सुटत आलेली. आत येता येता त्याने ती सवयीने उचलली, टाका ओढून पाहिला आणि खाली ठेवली.

ती मांडीवर अर्धा शिवलेला सदरा घेऊन समोर बसली.

"तुम्ही निघताना मी नाही नाही ते बोलले. परत तोंड दाखवू नका म्हणाले. मनात धरलंत का हो?"

मुखवटा आत्ताच्या आत्ता ओरबाडून काढावा, असं नकल्याला वाटलं. पण बाहेर दोस्त होते, आणि हरायची त्याला सवय नव्हती.

"छे गं," तो म्हणाला. आवाज घोगरा, मायेचा, दुसऱ्याचा. "बंदर सुटायच्या आत विसरलोसुद्धा."

तिने डोळे मिटून घेतले. नकल्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जी माफी द्यायचा त्याला काडीचा हक्क नव्हता, ती तो देऊन बसला होता.

"तुमचे दोस्त ताटकळले असतील, भावोजी," ती म्हणाली.

"वहिनी... कधी ओळखलंत?"

"चप्पल उचललीत तेव्हाच. यांनी जन्मात कधी माझी चप्पल उचलली नाही." तिने सुई कापडात खोचून ठेवली. "पण आवाज त्यांचा होता. म्हटलं, ऐकून तरी घ्यावं."

ती उठली आणि खिडकीतून वाकून मोठ्याने ओरडली, "फसले हो, फसले!"

बाहेर शिट्ट्या आणि टाळ्यांचा एकच गलका झाला. नकल्याच्या नावाने कोणीतरी डबा बडवू लागलं. तो मान खाली घालून बसून राहिला.

"एक काम करा माझं," खिडकी लावत ती म्हणाली. "त्यांचे बूट तुमच्याकडे टाकलेले आहेत ना, ते तेवढे आणून द्या. टाचा बसवल्या नसतील तरी चालेल. त्यांचं म्हणून घरात दुसरं काहीच राहिलं नाही."

रस्त्यावर दिवे लागले. मुखवटा आपोआप सुटला आणि नकल्याच्या ओंजळीत पडला. तांबूस, जुनं कातडं. कपाळाच्या जागी नाडी ओवायच्या भोकांची रांग अजून स्पष्ट दिसत होती.

"आणाल ना?" तिने विचारलं.

नकल्याने भोकांवर तळहात ठेवला.