वीस सेकंद मुका

“काकी, रेडिओ ठणठणीत आहे. मोडलाच तर तुमच्या थापांनी मोडेल,” दस्तगीर मेकॅनिक म्हणाला. “रोज अकराला वीस सेकंद मुका होतो ना, ती जाहिरात असते. गांजाच्या थेंबांची, कॅन्सरच्या कळांवरची. आपल्याकडे ते औषध चालतं, पण सीमेपलीकडे बंदी, आणि लहरी तिकडंही पोचतात. स्टेशनचं लायसन जाऊ नये म्हणून आपल्या सीमेजवळच्या टॉवरवरचं यंत्र आवाज आपोआप गिळतं.”

“आणि ते औषध?”

“चौकातल्या दुकानात मिळतं की.”

गोदाकाकींचा नवरा कॅन्सरनं गेला, त्याचं तेरावं परवाच झालं होतं. वर्षभर त्या वीस सेकंदांत त्याचं कण्हणं तेवढं ऐकू यायचं, म्हणून त्या रेडिओला थापा मारायच्या.

दुसऱ्या दिवशी अकराला रेडिओ मुका झाला. काकींचा हात सवयीनं उठला, आणि तसाच खाली आला. घरात काहीच ऐकू येत नव्हतं.