कोजागिरीनंतरची कटाई

धनीरामची बोटं पुन्हा हलू लागली. डाव्या हाताची, पहिली दोन. जवळ यायची, दूर व्हायची. सुलोचनाबाईनं हातातलं सूप खाली ठेवलं आणि नवऱ्याच्या खाटेपाशी येऊन बसली. काय पाहिजे, पाणी, पांघरूण, कूस बदलायची, एकेक करून तिनं सगळं विचारलं. पण लकवा मारल्यापासून धनीरामची वाचाच गेली होती. तो तिच्याकडे बघत राहिला आणि बोटं हलवत राहिला.

खाट मागच्या उघड्या सपरीत मांडली होती, परसातल्या सांदवाडीकडे, तिथल्या फुलझाडांकडे तोंड करून. ही सुलोचनाबाईचीच अक्कल. माणसानं जन्मभर एस.टी. चालवली आणि उरलेला सगळा जीव या गुलाबांत ओतला. आता निजूनच राहायचं नशिबी आलं, तर निदान गुलाब तरी बघत निजू दे. आणि गुलाबही यंदा असे फुलले होते म्हणता, की सोय नाही! पाऊस सरला होता, आभाळ निवळलं होतं, सकाळी पानापानावर दव असायचं. लाल, गुलाबी, आणि तो एक हळदीच्या रंगाचा, धनीरामनं तुमसरहून मांडीवर ठेवून आणलेला. कुंपणाला झेंडू, कुंपणापलीकडे वाकलेल्या धानाच्या लोंब्या. आंधळगावच्या बाया जाता-येता मुद्दाम डोकावायच्या. वास थेट खाटेपर्यंत यायचा. खाटेपाशी येऊन तो औषधांच्या वासात मिसळायचा, पण त्याला इलाज नव्हता.

बोटांचं मात्र कोणालाच उमगेना. शेजारची शकुनबाई म्हणाली, बिडी मागत असेल, ड्रायव्हर माणूस, दुसरं काय मागणार. सुलोचनाबाईनं बोटांत बिडी ठेवून पाहिली, ती त्यानं खाली टाकली. लेक दामिनी बापाला भंडाऱ्याच्या दवाखान्यातून घरी घेऊन आली होती आणि सासर सोडून इथंच राहिली होती. ती म्हणाली, बाबा काही मागत नाहीत, नसा ओढतात. दवाखान्यात धनीरामच्या नाकातून पोटापर्यंत नळी घातली होती, तिच्यातून पातळ पेज जायची. ती त्यानं एकदा ओढून काढली, पुन्हा घालावी लागली. झोपेत ओढली असेल, असं सगळे म्हणाले. तेव्हापासून दामिनीनं त्याचं डावं मनगट मऊ फडक्यानं खाटेच्या दांडीला बांधून ठेवलं होतं. उजवा हात तर गेलेलाच. त्याच्या हुकमतीत राहिली ती एवढी दोन बोटं.

सुलोचनाबाईचा जीव त्या बोटांनी पार खाऊन टाकला होता. एवढ्या वर्षांचा संसार, आपला माणूस समोर पडून काहीतरी मागतो आहे, आणि आपल्याला कळू नये! तिला स्वतःचीच लाज वाटायची. ताटावर बसली तर घास उतरत नसे.

कोजागिरी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी सपरी झाडताना तिची नजर खिळ्याला टांगलेल्या कैचीवर गेली, आणि हातातली झाडणी तशीच राहिली.

दरवर्षी कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी धनीराम गुलाबांची कटाई करायचा. फुलांनी लदलेली झाडं बघता बघता गुडघ्याएवढी खाली आणायचा. सुलोचनाबाई दरवर्षी भांडायची, फुलल्या झाडावर तुमचा हात तरी कसा चालतो म्हणायची. तो हसायचा. एकच सांगायचा, "जीव लावून कसं जमन? जुनं झालं का कापाच लागते."

दोन बोटं. जवळ यायची, दूर व्हायची. अगं बाई, माणूस कैची मागत होता!

किती तरी दिवसांनी तिला हसू आलं. तिनं कैची काढून त्याच्या डोळ्यांसमोर धरली. धनीरामचे डोळे भरून आले. पापण्या त्यानं घट्ट मिटल्या आणि उघडल्या. झालं, आणखी काय पाहिजे होतं? सुलोचनाबाईनं पदर खोचला आणि सांदवाडीत उतरली.

पहिली फांदी कापताना तिला रडू आलं. मग हात चालू लागला. शकुनबाईनं कुंपणावरून विचारलं, बाई, वेड लागलं का तुले, सणासुदीची फुलं अशी मातीत घालून राहिली. तिनं ऐकलं नाही. उन्हं चढली तशी पाकळ्यांची रास वाढत गेली. हळदीच्या रंगाचा तो तिनं सर्वांत शेवटी कापला. मागं वळून पाहिलं तर सांदवाडीत नुसते काटेरी खुंट उभे होते.

हात ओरखडलेले, पदराला काटे, तशीच ती खाटेपाशी येऊन टेकली.

"झालं जी, सारे कापले," ती म्हणाली. "आता पौषात बघजा कसे फुलतेत."

धनीरामनं सांदवाडीकडे पाहिलंच नाही. तो तिच्या हातातल्या कैचीकडे बघत होता. मग त्याची नजर सावकाश खाली वळली आणि नाकातल्या नळीवर येऊन थांबली. तिथून पुन्हा तिच्या तोंडाकडे. बोटं हलली.

सुलोचनाबाईनं नळीकडे पाहिलं, हातातल्या कैचीकडे पाहिलं. नळी ओढली त्या दिवशीही तो झोपेत नव्हता. आत दामिनी पेज गाळत होती, भांड्यांचा आवाज येत होता.

तिनं कैची दूर खुंटांमध्ये भिरकावली. मग वाकून त्याच्या मनगटाची गाठ सोडली. फडक्याचे वळ कातडीवर उमटले होते. सुटलेला हात हळूहळू वर निघाला. तो नाकापर्यंत पोचण्याआधी तिनं दोन्ही हातांनी धरला आणि छातीशी आवळून घेतला.

"माह्यानं नाही होत जी."

तिच्या ओरखडलेल्या मुठीत ती दोन बोटं हलतच राहिली.