प्रत्येक पानाच्या तळाशी

"ते सफाईचं मोठं सॉफ्टवेअर उतरवून घेऊ या, मार्लीस. सगळी साइट एका दमात धुऊन काढतं," टॉड म्हणाला. त्याला दरदरून घाम फुटला होता.

"गप बस तू! ते उतरेपर्यंत डुएन दारात येऊन उभा राहील."

डलुथ शहरातल्या त्या घराचा पत्ता कुणाला म्हणून सांगायचा नसतो. मार खाऊन, पोरंबाळं घेऊन पळून आलेल्या बायका तिथं राहतात. आणि तिथल्याच ऑफिसात काम करणाऱ्या टॉडनं आज सकाळी हौसेनं उद्योग करून ठेवला होता. लोकांनी ब्लँकेटं कुठं आणून द्यावीत, ते संस्थेच्या वेबसाइटवर प्रत्येक पानाच्या तळाशी घातलं होतं. घर नंबर, रस्त्याच्या नावासकट! आणि सकाळीच तिथं राहणाऱ्या क्रिस्टलचा मारकुटा नवरा, डुएन, जामिनावर सुटला होता.

मार्लीसनं पानांचा मजकूर बदलायचा रोजचा साधा एडिटर उघडला. फायलींची एक प्रत बाजूला काढून ठेवली. 'शोधा'च्या चौकटीत पत्ता लिहिला, 'बदला'ची चौकट रिकामी सोडली आणि बटण दाबलं. शेकडो पानं भराभर साफ झाली. तिनं पुन्हा शोधलं. एकही नाही.

"सुटलो एकदाचे!" टॉडनं अंग खुर्चीत टाकलं.

मार्लीसला चैन पडेना. तिनं नुसतं रस्त्याचं नाव शोधलं. काही पानांवर पत्ता तसाच होता. तिथं तो मध्येच तुटला होता. नंबर वरच्या ओळीत, रस्ता खालच्या. एका वेळी एकच ओळ बघणाऱ्या शोधाला तो दिसणार कसा?

"अरे देवा! टॉड, तू वरून धर, मी खालून. हातानं काढायचं, एकेक."

दोघांनी काढलं. फायली साइटवर चढवल्या, पानं उघडून पाहिली.

दारातून क्रिस्टल सगळं ऐकत होती.

"पुसलं?"

"पुसलं गं. सगळं, अगदी शपथेवर सांगते."

"सकाळपासून होतं?"

टॉडनं मान खाली घातली. "हो," मार्लीस म्हणाली. खोटं बोलायची तिची छातीच झाली नाही.

क्रिस्टल वळली. बाकावर झोपलेल्या लेकीजवळ जाऊन ती खाली बसली.

"ऊठ, बाळा," ती म्हणाली, आणि पोरीच्या पायांत बूट चढवू लागली.