पहिल्या वर्षाचं पुस्तक

टेबलावर दोन पुस्तकं होती. दोन्ही अमेरिकेच्या शासनव्यवस्थेवर आणि राजकारणावर. जाडजूड होतं ते सरांनी स्वतः लिहिलेलं. दुसरं नवं, पातळसं. पहिल्या वर्षाला कोणतं लावायचं, हे ठरवायला राज्यशास्त्र विभागातले चौघं बसले होते. तसं ठरवण्यासारखं काही नव्हतंच. सर विभागप्रमुख होते आणि त्यांचं पुस्तक वर्षानुवर्षं चालत आलं होतं.

"मी म्हणतो, सरांचंच ठेवावं," एक प्राध्यापक म्हणाले. पाठीमागे सगळे त्यांना 'अनुमोदन' म्हणत. शेजारच्या ज्येष्ठ बाईंनी मान डोलावली.

"आणि तू?" सरांनी टोकाला बसलेल्या तरुण प्राध्यापिकेला विचारलं. एके काळची त्यांचीच विद्यार्थिनी. तिची नेमणूक अजून कायम व्हायची होती, आणि ते सरांच्या शब्दावर होतं.

"सर, मला दुसरं बरं वाटतं."

अनुमोदन उगाचच खोकले.

"का?"

तिच्या तळहातांना घाम फुटला होता. "मागच्या सत्रात एका मुलीनं विचारलं, देशात जास्त मतं मिळालेला उमेदवार अध्यक्षपदाची निवडणूक हरू कसा शकतो? मी आपलं पुस्तक उघडलं. त्यात लिहिलंय, 'ही या पद्धतीची एक विशेषता होय.'"

"मग?"

"मग सगळ्यांनी त्याखाली रेघ मारली. परीक्षेत तेच लिहिलं. 'होय'सकट."

बाईंनी हसू चहाच्या कपात लपवलं. सर हसले नाहीत.

"यात काय लिहिलंय? वाच."

तिनं वाचायला घेतलं. आधी आवाज कापरा होता. एखादं राज्य थोडक्यात जिंकलं तरी बहुतेक ठिकाणी तिथली सगळी निर्वाचक मतं, म्हणजे अध्यक्ष प्रत्यक्ष निवडणाऱ्या प्रतिनिधींची मतं, एकालाच कशी जातात, ते साध्या बेरजेनं समजावलं होतं. मग त्याच प्रकरणात मतदारनोंदणीच्या कचेरीत गेलेली एक कृष्णवर्णीय स्त्री आली. मताचा हक्क कायद्यानं मिळालेला; पण कारकून तिला राज्यघटनेतलं कलम समजावून सांगायला लावायचा आणि दर वेळी नापास करून परत पाठवायचा. ती पुन्हा जायची. वाचता वाचता आवाज स्थिर झाला. आपण कुठे बसलोय, कुणासमोर बसलोय, याचं तिला भान उरलं नाही.

"हे सगळं आपल्या मुलांना पेलेल का?" अनुमोदनांनी मध्येच विचारलं.

"थांबा हो," सर म्हणाले. "पुढे वाच."

प्रकरण संपलं तेव्हा चहा निवला होता. सरांनी आपलं पुस्तक जवळ ओढलं, ते पान काढलं, ते वाक्य मनातल्या मनात वाचलं.

"विशेषता होय," ते पुटपुटले आणि त्यांनी पुस्तक मिटलं. "नवं लावू या. कुणाची हरकत?"

अनुमोदनांचा हात सर्वांत आधी वर गेला. "हरकत कसली! माझा पाठिंबाच आहे."

बाकीचे गेल्यावर ती घुटमळली. "सर, तुम्हाला राग..."

"आला. येणारच. पोटचं पोर आहे ते." त्यांनी चष्मा काढून पुसला. "पण पुस्तक शिकणाऱ्यांचं असतं, लिहिणाऱ्याचं नसतं. आणि तुला कायम करा, असं मी प्राचार्यांना परवाच सांगून टाकलंय. उगाच घाम काढलास."

सरांनी दारातून वळून विचारलं, "त्या निर्वाचकांच्या बेरजेत माझा एक प्रश्न आहे. तू ते प्रकरण कधी घेणार?"

"सत्राच्या दुसऱ्या आठवड्यात. सोमवारी, पहिल्या तासाला."

त्या सोमवारी ती फळ्याकडे तोंड करून राज्यांची नावं लिहीत होती, तेव्हा मागचं दार हळूच वाजलं. तिनं वळून पाहिलं. सर शेवटच्या बाकावर, अंग चोरून, टेकत होते. त्यांच्या हातात काही नव्हतं.

शेजारी बसलेली मुलगी कॉलेजात नवीनच होती. तिनं एकदा त्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं आणि आपलं पुस्तक दोघांच्या मधोमध सरकवलं.