रोरीवरची कविता

बुडालेल्या भावावरच्या कवितांना लंडनमध्ये मोठा पुरस्कार मिळाला आणि दुसऱ्याच दिवशी हेस्टर व्हिटबी गावी आईकडे आली. आईनं, विनीनं, पुरस्काराचं मानचिन्ह दोन्ही हातांनी उचलून पाहिलं.

“भलतंच जड आहे गं. दाराला अडसर म्हणून बरं पडेल.”

“आई, कविता वाचल्यास का?”

“वाचल्यास काय विचारतेस? पाठ आहेत मला. शेजारची मॉरीन म्हणते, विनी, एवढ्या तर तू प्रार्थनाही म्हणत नाहीस.” विनीनं मानचिन्ह टेबलावर ठेवलं. “तुझे उपकार आहेत, पोरी. रोरीचा चेहराही पुसट व्हायला लागला होता. आता डोळे मिटले की त्या सकाळी बोटीवर चढताना अगदी स्पष्ट दिसतो. अंगात मी विणलेला पिवळा स्वेटर.”

हेस्टरनं चहाचा कप बशीत ठेवला. स्वेटर राखाडी होता. कवितेच्या ओळीत तो रंग काही केल्या बसेना, म्हणून तिनं बदलला होता. परीक्षकांनी नेमकी तीच ओळ वाखाणली होती.

“पिवळाच होता ना गं?” आईनं विचारलं.

“हो आई,” हेस्टर म्हणाली, “पिवळाच.”